रील ३० सेकंदांची, गाडी रोजची: मॉडिफाय केलेली डिझेल पिकअप नांदेड-लातूरच्या रस्त्यावर चालवायची म्हणजे काय?

नांदेडहून लातूरला निघालात की लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं मागे पडत जातात. अंतर साधारण १४० किलोमीटर. या रस्त्यावर एखादी तरी गाडी अशी दिसतेच, जिच्याकडे बघून बाजूच्या सीटवरचा माणूस म्हणतो, "काय गाडी बनवलीय बे!" उंच केलेली बॉडी, फुगलेले टायर, पुढे लोखंडी बफर, टपावर लाइटची पट्टी, काळ्या काचा. ओव्हरटेक करताना टर्बोची शिट्टी आणि मागे काळ्या धुराचा लोट. नंबरप्लेटवर एमएच २६ किंवा एमएच २४, आणि नंबर शक्यतो ४१४१, म्हणजे 'दादा'.

इन्स्टाग्रामवर अशा गाड्यांच्या रील्सना तोटा नाही. 'स्टेज वन रिमॅप', 'डीपीएफ डिलीट', 'टू इंच लिफ्ट' हे शब्द आता चाकूर-लोह्याच्या पोरांनाही पाठ आहेत. पण रील ३० सेकंदांत संपते. तीच गाडी रोज सकाळी आडतीवर न्यायची, दुपारी गंजगोलाईच्या गर्दीतून काढायची, रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून चालवायची म्हटलं, की हिशेब वेगळा होतो.

हा हिशेब इंजिनपासून विम्यापर्यंत टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

आधी पिकअप कोणती?

मराठवाड्यात 'पिकअप' म्हटलं की डोळ्यासमोर येते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. सोयाबीनची पोती, भाजीपाला, शेळ्या, मंडपाचं सामान, डीजेचे बॉक्स सगळं हीच ओढते. ही मालवाहू गाडी आहे, पिवळ्या पाटीची.

दुसरा प्रकार म्हणजे चार दारांची, मागे छोटा हौदा असलेली 'लाइफस्टाइल' पिकअप. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली. आज तिच्यात १.९ लिटरचं डिझेल इंजिन मिळतं, १६३ पीएस ताकदीचं. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. तिचं इंजिन २.८ लिटरचं, ताकद २०४ पीएस आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क ५०० न्यूटन मीटर. (पीएस आणि हॉर्सपॉवर यांत फरक जेमतेम दीड टक्क्याचा आहे, त्यामुळे वाचताना दोन्ही जवळपास एकच धरले तरी चालतील.)

या गाड्या आपल्याकडे मोजक्याच दिसतात. त्यामुळे हौस भागवायला बहुतेक जण स्कॉर्पिओ किंवा थार निवडतात. बॉडी वेगळी असली तरी मॉडिफिकेशनचे नियम, फायदे आणि धोके जवळपास सारखेच. म्हणून इथे जे सांगतोय ते या गाड्यांनाही लागू होतं.

हॉर्सपॉवर म्हणजे काय आणि टॉर्क म्हणजे काय?

पारावर गाडीची चर्चा निघाली की हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. सोपं करून सांगायचं तर टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. चिखलात रुतलेला नट पाना लावून सोडवताना हाताने जो पीळ देता, तो टॉर्क. हॉर्सपॉवर म्हणजे तोच जोर किती वेगाने देता येतो त्याचं माप.

दोघांचं नातं एका सूत्रात बसतं: टॉर्क गुणिले इंजिनचे फेरे, भागिले ७१२७, म्हणजे हॉर्सपॉवर. ४०० न्यूटन मीटर टॉर्क १,७५० फेऱ्यांवर मिळत असेल तर त्या क्षणी इंजिन साधारण ९८ हॉर्सपॉवर देत असतं. ५०० न्यूटन मीटर २,८०० फेऱ्यांवर असेल तर तोच आकडा १९६ वर जातो.

डिझेल इंजिनची खासियत ही, की त्याचा टॉर्क कमी फेऱ्यांवरच मिळतो. म्हणून भरलेली गाडी चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न कण्हता निघते. रोजच्या वापरात आपल्याला 'पॉवर' म्हणून जे जाणवतं, ते बहुतेक वेळा टॉर्क असतं.

रिमॅप करतात म्हणजे नेमकं काय करतात?

पेट्रोल इंजिनमध्ये ठिणगी लागते. डिझेलमध्ये ती नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. जास्त हवा आणि जास्त डिझेल म्हणजे जास्त ताकद. ही जादा हवा कोंबण्याचं काम टर्बो करतो. त्याचं चाक मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं.

किती डिझेल, कोणत्या क्षणी आणि टर्बोचा दाब किती, हे ठरवतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. रिमॅप म्हणजे या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं. लॅपटॉप जोडायचा, मूळ फाइल काढायची, बदललेली टाकायची. तासा-दोन तासांचं काम. दुसरा मार्ग 'ट्युनिंग बॉक्स'चा. हा डबा सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि ईसीयूला खोटे आकडे सांगून जास्त डिझेल सोडायला लावतो.

टर्बो डिझेलमध्ये वीस-पंचवीस टक्के ताकद वाढवून देण्याचा दावा सर्रास केला जातो, आणि वाढ होतेही. इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: इतकं सोपं आहे तर कंपनी स्वतःच का करत नाही?

कंपनी करते. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं २.२ लिटर डिझेल इंजिन १३२ आणि १७५ पीएस अशा दोन ताकदींमध्ये विकलं जातं. पण जास्त ताकद देताना कंपनी त्या जोडीने गिअरबॉक्स, क्लच, कूलिंग आणि प्रदूषण यंत्रणा यांच्या चाचण्या करते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्या मॉडेलला मंजुरी घ्यावी लागते. लॅपटॉपवाला फक्त फाइल बदलतो. बाकीच्या गाडीला कोणी विचारलेलं नसतं.

एक साधा हिशेब करा. १.९ लिटरच्या १६३ पीएस इंजिनची ताकद पंचवीस टक्के वाढवली तर ती २०४ पीएसवर जाते. हायलक्सची ताकदही नेमकी तेवढीच आहे, पण त्यासाठी कंपनीने २.८ लिटरचं इंजिन बसवलंय. तेवढंच काम आपण जवळपास एक लिटर लहान इंजिनकडून करून घेणार आहोत. आणि तेही एखाद-दुसऱ्या शर्यतीपुरतं नाही, रोज.

ताकद वाढली, मग झिजतं काय?

कंपनीने प्रत्येक भागात थोडी 'राखीव' ताकद ठेवलेली असते. चाळीस अंशांवरचा मे महिना, थोडं खराब डिझेल, थोडं जास्त वजन, उशिरा झालेली सर्व्हिसिंग हे सगळं पचवायला ती असते. रिमॅपमध्ये आपण जी ताकद काढतो, ती याच राखीव साठ्यातून काढतो. संपूर्ण विषयाचं सार हेच आहे.

क्लच: सगळ्यात आधी तक्रार करतो तो क्लच. वरच्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की फेरे वाढतात पण गाडी तेवढी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

टर्बो आणि एग्झॉस्टची उष्णता: जास्त डिझेल जाळलं की बाहेर पडणारा धूर जास्त तापतो. टर्बोची पाती, पिस्टन आणि सिलिंडर हेड यांना ही उष्णता सतत सोसावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेरची हवाच तापलेली असते, त्यामुळे इंटरकूलर ती पुरेशी थंड करू शकत नाही. पुण्या-मुंबईकडच्या पावसाळ्यात घेतलेला आकडा नांदेडच्या मे महिन्यात मिळेलच असं नाही.

काळा धूर: अनेकांना तो ताकदीची खूण वाटतो. प्रत्यक्षात काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की ती तयार होते. म्हणजे मागे जो लोट दिसतो, त्यात तुम्ही पंपावर मोजलेले पैसेही असतात.

एअर फिल्टर: बंद डब्यातला मूळ फिल्टर काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावायची फॅशन आहे. आवाज छान येतो. पण ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की शिवारात धूळ किती असते हे वेगळं सांगायला नको. उघडा फिल्टर बोनेटखालची गरम आणि धुळकट हवा ओढतो. बारीक धूळ आत गेली की टर्बो आणि सिलिंडर दोन्ही घासले जातात.

डीपीएफ काढून टाकला तर?

देशभरात १ एप्रिल २०२० पासून बीएस६ नियम लागू झाले. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, आणि सूक्ष्म कणांची २५ वरून ४.५ वर. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाणही दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं. हे गाठण्यासाठी गाड्यांना डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर बसवावा लागला. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह त्याच्या जोडीला असतोच.

डीपीएफमध्ये काजळी साठते. ती जाळण्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. यालाच रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. रोज घर ते दुकान, दुकान ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या चकरा मारणाऱ्या गाडीत हे होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो, गाडी ओढत नाही, आणि कोणीतरी सल्ला देतं, "काढूनच टाक ना ते."

इथे थांबायला हवं. डीपीएफ काढला की गाडी बीएस६ राहत नाही. तिच्यातून निघणारे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात. तो धूर सगळ्यात आधी मिळतो तो मागच्या मोटारसायकलवाल्याला आणि शाळेच्या रिक्षातल्या पोरांना. दिवा पेटला असेल तर उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो: नांदेडहून अर्धापूरच्या पुढे किंवा लातूरहून औशापर्यंत हायवेवर गाडी एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं चालवा. तरीही दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. आणि रोजचा वापर फक्त गावातल्या गावात असेल, तर आपल्याला डिझेल गाडी खरंच हवी का, याचा विचार गाडी घेण्याआधीच करा.

मोठे टायर, उंच गाडी: दिसायला भारी, पण...

समजा गाडीला २४५/७० आर१६ मापाचे टायर आहेत आणि तुम्ही २६५/७५ आर१६ लावले. मूळ टायरची उंची साधारण ७४९ मिलिमीटर, नव्याची ८०४. म्हणजे सात टक्क्यांहून जास्त फरक. परिणाम असे:

- स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. तो तुमचा वेग १०० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०७ वर असेल.
- ओडोमीटरही कमी किलोमीटर मोजतो, त्यामुळे सर्व्हिसिंग लांबते आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.
- जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो. रिमॅपने मिळवलेला टॉर्क इथे थोडा परत जातो.
- तेच जड चाक थांबवायलाही जास्त जोर लागतो. ब्रेक मात्र जुनेच असतात.

गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. सरळ रस्त्यावर हे कळत नाही. वळणावर अचानक कुत्रं आडवं आलं आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की कळतं. त्यात पिकअपचा हौदा रिकामा असेल तर मागची चाकं हलकी पडतात. ओल्या रस्त्यावर जास्त टॉर्क असलेली रिकामी पिकअप मागून सहज घसरते.

चिखलाचंही एक वास्तव आहे. खोल खाचांचे 'मड टेरेन' टायर बघायला दणकट वाटतात, पण आपली काळी रेगडी माती चिकट. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर दहा-वीस फेऱ्यांत खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे कमी वेग, चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर यंत्रणा आणि शांत डोकं हॉर्सपॉवरपेक्षा जास्त कामाला येतात.

रोज चालवायची तर दिवस कसा जातो?

गावातला त्रास जागेचा. हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, व्ही-क्रॉसची ५,२९५. स्विफ्ट चार मीटरच्या आत बसते. म्हणजे जवळपास दीड मीटर जास्त. नांदेडला वजिराबादमध्ये किंवा लातूरला गंजगोलाईला जोडणाऱ्या रस्त्यांवर बाजाराच्या दिवशी ही गाडी उभी करायची तर आधी जागा, मग वळण आणि मग लोकांच्या शिव्या असा क्रम असतो.

दुसरा खर्च डिझेलचा. उदाहरण म्हणून हिशेब मांडू: रोज ६० किलोमीटर, महिन्यात २५ दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. डिझेल ९० रुपये लिटर धरलं आणि गाडी लिटरला १२ देत असेल तर महिन्याला ११,२५० रुपये. मोठे टायर, टपावरचं सामान आणि जड झालेला उजवा पाय यांमुळे ॲव्हरेज ९ वर आलं तर तोच खर्च १५,०००. फरक महिन्याला ३,७५० रुपयांचा, वर्षाला ४५,००० रुपयांचा. गाडी हप्त्यावर असेल तर हा फरक हप्त्याच्या वरचा.

तिसरी गोष्ट हायवेची. रस्ता चौपदरी झाला, सरळ झाला, पण त्यावरचे लोक तेच राहिले. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनलाइटच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुभाजकाच्या फटीतून घुसणारी मोटारसायकल, उलट दिशेने येणारा टेम्पो हे सगळं तिथेच असतं.

इथे शाळेतलं थोडं विज्ञान आठवा. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. समोरची ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर संपलेले असतात. शिवाय गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ५६ टक्के वाढते. रिमॅपने गाडी पळायला लवकर शिकते. थांबायला तिला कोणी शिकवलेलं नसतं.

कायदा काय म्हणतो?

"सगळेच करतात, काही होत नाही," हे वाक्य आरटीओच्या दारात चालत नाही. मुद्देसूद पाहू.

मूळ नियम: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची माहिती वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारा बदल नोंदवता येणार नाही.

शिक्षा: २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

धूर आणि आवाज: कलम १९०(२) मध्ये हवा आणि आवाजाच्या प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. मोकळा केलेला सायलेन्सर आणि काढलेला डीपीएफ दोन्ही इथे अडकतात.

लोखंडी बफर: केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं. कारण नुसतं दिसण्याचं नाही. धडकेत पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपला जावा आणि एअरबॅगच्या सेन्सरला योग्य संकेत मिळावा अशी गाडीची रचना असते. बफर त्यात आडवा येतो. आणि पायी चालणाऱ्याला बसणारा मार तर थेट लोखंडाचाच.

काळ्या काचा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक आदेश दिले होते.

टपावरची लाइटची पट्टी: नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले की त्याला तुमची गाडी दिसत नाही आणि रस्ताही दिसत नाही.

हौद्यातली माणसं: मालवाहू पिकअपच्या हौद्यात वऱ्हाड किंवा मजूर बसवणं आपल्याकडे नवं नाही, पण ते बेकायदा आहे. हौद्यात ना सीट, ना बेल्ट, ना छत. गाडी उलटली की आतली माणसं बाहेर फेकली जातात.

विमा: खरी परीक्षा इथे

दंड भरून सुटता येतं. विम्याचं तसं नाही. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला न कळवता अपघात झाला, आणि सर्व्हेअरला तो बदल अपघाताशी संबंधित वाटला, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. "रिमॅप कुठे दिसतो?" असं वाटत असेल तर बऱ्याच आधुनिक ईसीयूमध्ये प्रोग्राम किती वेळा बदलला याची नोंद राहते. वॉरंटीही याच नोंदीवर अडते.

त्याहून गंभीर प्रश्न समोरच्याचा. समजा तुमच्या गाडीने कुणाला धडक दिली आणि तो माणूस गेला. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो. पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं तर अशा प्रकरणांत अनेकदा आदेश असा असतो: विमा कंपनीने पीडित कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे रक्कम अखेर मालकाच्या माथी. वडिलांच्या नावावर गाडी असेल तर वडिलांच्या. भरपाई मरण पावलेल्याचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवर ठरते, ती लाखांत जाते. शेत गहाण पडायला एवढं पुरेसं आहे.

अमेरिकेत तर सगळे करतात ना?

रील्समधल्या मोठ्या पिकअप बहुतेक अमेरिकेतल्या असतात. तिथे फोर्डच्या सुपर ड्युटीसारख्या पिकअपमध्ये ६.७ लिटरचं व्ही८ डिझेल इंजिन कंपनीकडूनच ४७५ हॉर्सपॉवरचं येतं. मागे घोड्यांचा ट्रेलर किंवा बोट ओढण्यासाठी ती गाडी, तिचे ब्रेक आणि गिअरबॉक्स बनवलेले असतात. रस्तेही तसे रुंद.

आणि तिथेही हे कायदेशीर नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालानुसार, आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषण यंत्रणा काढली किंवा निकामी केली गेली होती. त्यानंतर अशी उपकरणं विकणाऱ्यांवर तिथे मोठ्या दंडाच्या कारवाया झाल्या. मुद्दाम काळा धूर सोडण्यावर तिथल्या काही राज्यांत बंदी आहे.

मग हौस करायचीच नाही का?

करा की. गाडीवर प्रेम असणं हा गुन्हा नाही. नियमात बसणारी आणि रोज उपयोगी पडणारी कामं भरपूर आहेत:

१. कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीज: हौद्याचं अस्तर, वरचं झाकण, साइड स्टेप, मडफ्लॅप. बिल जपून ठेवा.
२. कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या मापातलेच, पण चांगल्या दर्जाचे टायर. हायवे जास्त असेल तर 'ऑल टेरेन' पुरे.
३. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि शॉकअप वेळेवर बदला. ताकदीआधी थांबण्यावर खर्च करा.
४. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर मळणीच्या हंगामानंतर तपासा. धुळीच्या भागात पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावे लागतात.
५. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओकडे अर्ज आणि आरसीवर नोंद.
६. विम्याच्या नूतनीकरणाआधी गाडीवर लावलेली प्रत्येक गोष्ट कंपनीला लेखी कळवा.
७. खरंच जास्त ताकद हवी असेल तर जास्त ताकदीचं मॉडेल घ्या, अगदी जुनं सुद्धा चालेल. पाच वर्षं वापरलेलं मोठं इंजिन हे नव्या लहान इंजिनाला पिळण्यापेक्षा रोजच्या कामाला बरं.

मॉडिफाय केलेली सेकंडहँड गाडी घेत असाल तर आणखी सांभाळा. आरसीवरचा तपशील आणि समोरची गाडी जुळते का ते पाहा, डीपीएफ जागेवर आहे का हे गाडी लिफ्टवर घेऊन तपासा, ईसीयू मूळ प्रोग्रामवर आहे का हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. नोंदणी कोणत्या वर्गात आहे, खासगी की मालवाहू, हेही आरसीवरच कळतं. गाडी नावावर झाली की आधीच्या मालकाने केलेले उद्योगही तुमच्याच नावावर येतात.

पुढच्या वेळी रिमॅपची रील आवडली की गॅरेजला फोन लावण्याआधी दोन कागद शेजारी ठेवा: गाडीचं आरसी आणि विम्याची पॉलिसी. गाडीत जे करायचंय ते या दोन कागदांवर लिहून दाखवता येत असेल तर बिनधास्त करा. येत नसेल, तर नांदेड-लातूर रस्त्यावर समोर अचानक ट्रॉली उभी राहिली त्या रात्री तुमच्या पाठीशी कोणीच नसेल.